भाऊंच्या ओट्यावरचा उमेदवार

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा सांगत होतो तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला आणि त्याच्या बायकोनं दोष मला दिला.

मी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभा होतो हे तुम्हाला माहीत आहे. पडलो, हेही माहीत आहे. पण मधल्या दिवसांत मी केवढा मोठा घोळ घातला, ते दोन घरं सोडली तर कुणाला धड ठाऊक नाही. बाकीचे जे सांगतात ते वाढवून सांगतात. वाढवायची काही गरज नव्हती हो. झालं तेच पुष्कळ होतं.

मी मूळचा साताऱ्याकडचा. तरुणपणी बोईसरला एका केमिकल कंपनीत लागलो, तिथूनच शिफ्ट इन्चार्ज म्हणून रिटायर झालो, कॉलनीत फ्लॅट घेतला आणि इथलाच झालो. घरात आम्ही तिघं. मी, आमची ही म्हणजे सुमन, आणि मुलगा अक्षय. अक्षय एमआयडीसीतच एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. सरळ मुलगा. बोलतो इतका कमी, की त्याच्या वाटचंही मलाच बोलावं लागतं.

आता मी उभा कसा राहिलो? कॉलनीच्या मीटिंगमध्ये गटारावर बोललो, म्हणून. गटारावरून पाण्यावर गेलो, पाण्यावरून रस्त्यावरच्या दिव्यांवर. लोक घड्याळं बघायला लागली. शेवटी चेअरमन म्हणाले, "माने, तुम्हीच का नाही उभे राहत निवडणुकीला?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, केवढा हा विश्वास. आज वाटतं, त्यांना मला फक्त खाली बसवायचं होतं.

आमच्या प्रभागात अर्धी कॉलनी आणि अर्धी खालची आळी. कॉलनीत आम्ही सगळे बाहेरून आलेले. कुणी जळगावचा, कुणी नांदेडचा. खालच्या आळीतली माणसं मात्र इथली मूळची, कारखाने यायच्या आधीपासूनची. कॉलनीची मतं कुठं जातील ते कॉलनीलाही सांगता येत नाही. आळीचं तसं नाही. तिथं काशिनाथभाऊ म्हणून एक गृहस्थ आहेत. भाताची शेती, थोडे नारळ, आणि शब्दाला वजन. ते ज्याच्याबद्दल बरं बोलतील त्याच्या पदरात आळी, असा सगळ्यांचा हिशोब.

माझा प्रचारप्रमुख होता जाधव. कंपनीत माझ्याबरोबरचा, तोही रिटायर. तो म्हणाला, "भाऊंनी दोन उमेदवारांना ओट्यावरूनच परत पाठवलंय. पत्रक बघितलं की त्यांचं डोकं फिरतं. आपण घरगुती जायचं. घोषणा नाही, पत्रक नाही. निवडणूक, पंचायत, मत, हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत."

"मग मी बोलू काय?"

"इकडचं तिकडचं बोल. समजूतदार माणूस आहे, न सांगता कळेल त्यांना. आणि अक्षयला बरोबर घे. कुटुंबवत्सल दिसलं पाहिजे."

न सांगता कळेल! एवढ्या एका वाक्यावर विसंबून आम्ही रविवारी संध्याकाळी निघालो. मी, जाधव आणि अक्षय. हिनं अक्षयला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. जाधवनं स्टेशनजवळून पेढ्यांचा बॉक्स घेतला, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. ही स्वतः दुसऱ्या बाजूच्या घरांना भेटायला गेली. मी बॅनर लावले नव्हते, कारण बॅनरनं गाव विद्रूप होतं असं माझं तत्त्व. म्हणजे माझा चेहरा आळीत कुणी पाहिलेला नव्हता. हे लक्षात ठेवा, कारण मी नाही ठेवलं.

भाऊंच्या अंगणात सडा घातलेला. ओट्यावर खुर्च्या मांडलेल्या, खाटेवर नवी चादर. भाऊ पांढराशुभ्र शर्ट घालून पायरीवर उभे.

"या या," ते म्हणाले. "वाटच बघत होतो."

मी जाधवकडे बघितलं. जाधवनं माझ्याकडे बघितलं. बघ, म्हटलं होतं ना, असा त्याचा चेहरा.

आता खरी गोष्ट अशी होती, आणि ही आम्हाला पुढं कळली. भाऊंच्या मुलीसाठी त्यांच्या पालघरच्या एका नातेवाइकांनी स्थळ सुचवलं होतं. बोईसरचं कुटुंब, वडील कंपनीतून रिटायर, एकुलता एक मुलगा, नोकरीला, रविवारी संध्याकाळी येतील. आडनाव सांगायचं मात्र राहून गेलं होतं. त्या मंडळींचं ऐन वेळी दुसरीकडे जमलं. त्यांनी तसं नातेवाइकांना कळवलं. नातेवाईक भाऊंना कळवायला विसरले. आणि त्याच रविवारी, त्याच वेळी, अंगणात कोण उभं? कंपनीतून रिटायर झालेला मी, इस्त्रीच्या शर्टातला एकुलता एक मुलगा, आणि पेढे.

आम्ही बसलो. "हे मानेसाहेब," एवढीच ओळख जाधवनं करून दिली. भाऊंच्या घरच्या, त्यांना मी वहिनी म्हणतो, त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. अक्षयकडे निरखून बघत म्हणाल्या, "याची आई नाय आली?"

"ती दुसऱ्या बाजूला गेलीय," मी म्हटलं. "तिच्याकडे आज चार-पाच घरं आहेत."

"चार-पाच?"

"हो, आम्ही वाटूनच घेतलीत. कुणाला वाईट वाटायला नको. एकही घर सोडायचं नाही असं ठरवलंय."

वहिनींनी भाऊंकडे बघितलं. भाऊ खाकरले. "म्हंजे तुमाला अजून बऱ्याच ठिकाणी बघायचं हाय."

"बघावं तर लागणारच. पण भाऊ, मनातलं सांगू? तुमच्या घराचा मान पहिला. इथं जमलं की बाकीच्यांची मला चिंता नाही."

भाऊंचा चेहरा जरा निवळला. मला वाटलं, काय सुरुवात केलीय मी.

"तुमच्याकडं पाण्याचं कसं हाय?" वहिनींनी विचारलं.

पाणी! माझा आवडता विषय. मी खुर्चीत पुढं सरकलो. "सध्या दिवसाआड येतं, वहिनी. खोटं कशाला बोलू. पण एकदा का आपलं हे जमलं, की बघा. रोज येईल."

वहिनी अवाक. त्या पुढं हिला म्हणाल्या, पोरीच्या पायगुणावर एवढा भरवसा ठेवणारा सासरा मी पहिल्यांदाच बघितला.

"आमची पोरगी पालघरला लॅबमध्ये कामाला हाय," भाऊ म्हणाले. "रक्त-बिक्त तपासतात, ती. कधी यायला उशीर होतो. तुमच्याकडं चालेल काय?"

मी मनात म्हटलं, बघा, किती जागरूक नागरिक. महिला सुरक्षेचा प्रश्न. "भाऊ, तुम्ही निर्धास्त राहा. स्टेशनपासून दारापर्यंत दिवे लावीन मी."

"दिवे?"

"खांबाखांबावर. आणि प्रत्येक बाईनं नोकरी करावी या मताचा," इथं जाधव जोरात खोकला, "म्हणजे या विचाराचा मी आहे."

मग भाऊंनी आवाज खाली आणला. पोरीचा बाप ज्या आवाजात हा प्रश्न विचारतो, त्या आवाजात म्हणाले, "मानेसाहेब, स्पष्ट विचारतो. देण्याघेण्याचं काय?"

मी या प्रश्नाची वाटच बघत होतो. प्रत्येक निवडणुकीत पाकिटं वाटली जातात हे काय मला माहीत नव्हतं? मी ताठ बसलो. "भाऊ, राग आला तरी चालेल, पण माझ्याकडे तो प्रकार नाही. मी एक रुपया देणार नाही आणि एक रुपया घेणारही नाही. ज्यांना पैशाचा व्यवहार करायचाय त्यांनी खुशाल दुसरं दार बघावं."

भाऊ उठले. मला वाटलं, आता आपल्यालाही ओट्यावरून परत. पण त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या. "अशी माणसं नाय राहिली आता," ते म्हणाले.

मला इतकं भरून आलं, की निकाल लागल्यावर पहिला सत्कार भाऊंचा करायचा असं मी तिथंच ठरवून टाकलं.

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. प्रतीक्षा तिचं नाव. अबोली रंगाची साडी, हातात ट्रे, आणि चेहऱ्यावर कंटाळा. ट्रे ठेवून ती समोरच्या खुर्चीत बसली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काहीतरी विचारावं अशी अपेक्षा दिसली. तरुण मतदार म्हटल्यावर काय विचारणार?

"अठरा पूर्ण झाली ना?"

"चोवीस," ती म्हणाली.

"वा. म्हणजे हक्क आहे तुला."

"कसला?"

"निवडायचा. बाळ, एक सांगतो. आईवडील म्हणतात म्हणून नाही, शेजारीपाजारी म्हणतात म्हणून नाही. तुझ्या मनाला पटेल त्यालाच हो म्हणायचं. आणि नसेल पटत कुणी, तर तोंडावर नाही म्हणायचं. त्यात लाज कसली?"

पोरगी इतका वेळ खाली बघत होती, ती मान वर करून माझ्याकडे बघायला लागली. भाऊंना ठसका लागला.

निघायच्या आधी मी हातातला कप वर धरला. माझी निशाणी कपबशी होती. शब्द उच्चारायची बंदी होती, खूण करायची थोडीच होती? मी कपाकडे बोट दाखवलं, एक डोळा बारीक केला आणि वहिनींना म्हटलं, "ही कपबशी तेवढी लक्षात राहू द्या."

वहिनींचा चेहरा पडला. त्या कपाचा कान जरा उडालेला होता. पाहुण्यांनी तो बघितला आणि वर बोलूनही दाखवला, याचं त्यांना पुढं किती दिवस वाईट वाटत होतं.

मग भाऊ म्हणाले, "पोरांना जरा आपसात बोलू द्या." अक्षय आणि प्रतीक्षा मागच्या परसात जाऊन आले. मी म्हटलं, चांगलं आहे, तरुणांनी तरुणांशी बोलावं.

परत येताना मी अक्षयला विचारलं, "काय म्हणाली रे ती?"

"माझं मत काय ते विचारलं."

"मग?"

"म्हटलं, माझं मत पप्पांनाच. आमच्या घरात वेगळं मत नसतं कुणाचं."

"शाब्बास," मी म्हटलं. जाधवनंही त्याची पाठ थोपटली.

घरी येऊन मी हिला सगळं रंगवून सांगितलं. ही भाजी निवडत होती. तिनं फक्त एवढंच विचारलं, "मुलगी साडी नेसून चहा घेऊन आली?"

"हो."

"आणि समोर बसली?"

"हो. का?"

"अहो, मला काही हे वेगळंच वाटतंय."

"तुला जिथंतिथं लग्नच दिसतं," मी म्हटलं. "राजकारण आहे ते. तुला नाही कळायचं."

हे वाक्य मी म्हणालो. कबूल करतो. ती अजूनही आठवड्यातून एकदा तरी ते मला ऐकवते.

पुढचे काही दिवस काय मजेत गेले म्हणून सांगू. भाऊंच्या घरून वांगी आली, शहाळी आली. उमेदवार मतदाराला काही देतो हे ऐकलं होतं, मतदारच उमेदवाराला देतोय हे कधी बघितलंय? मी जाधवला म्हटलं, ही लाट आहे लाट.

एका दुपारी आळीतल्या दोन बायका घरी आल्या. भाऊंच्याच घरात राहणाऱ्या भावजया, नवरे दोघींचे कामाला बाहेरगावी. ही बाजारात गेली होती. त्या म्हणाल्या, घर बघायला आलो. मी म्हटलं, बघा की. मला वाटलं, उमेदवार साधा राहतो की माडीवर माडी बांधून बसलाय ते बघायला आल्यात. मी त्यांना सगळं घर फिरून दाखवलं. एकीनं नळ उघडून बघितला. दुसरीनं विचारलं, "न्हाणीघर एक का दोन?"

"दोन," मी म्हटलं. "माझ्याकडे लपवाछपवी नाही. कपाट उघडून दाखवू का?"

दाखवलं. हिच्या साड्या मोजून गेल्या त्या.

मग अक्षयच्या साहेबांचा फोन. "माने, तुमच्या मुलाबद्दल चौकशी करायला कुणीतरी आलं होतं. व्यसन आहे का, स्वभाव कसा आहे."

मी म्हटलं, विरोधक माझ्या मुलापर्यंत पोचले. "तुम्ही काय सांगितलंत?"

"चांगलंच सांगितलं."

"धन्यवाद, साहेब. निवडून आलो की भेटतो."

आणि या भरवशावर मी काय केलं? प्रचार बंद केला. पलीकडच्या चाळीत उत्तरेकडून आलेले कामगार राहतात. तिथं सभा ठरली होती, ती जाधवनं रद्द केली. चाळीतला एक जण विचारायला आला, "अंकल, आप आनेवाले थे ना?" मी म्हटलं, "अब जरूरत नहीं." कॉलनीच्या गेटवर उभा राहून मी सगळ्यांना सांगत होतो, खालची आळी पक्की आहे म्हणून.

मग एका संध्याकाळी भाऊ आणि वहिनी आमच्या घरी आले. दोघांचेही चेहरे उतरलेले. ही स्वयंपाकघरात पोळ्या करत होती. तिला मी बाहेरूनच पाणी आणायला सांगितलं.

भाऊ बराच वेळ गुडघे चोळत बसले. मग म्हणाले, "मानेसाहेब, तुमी देवमाणूस. तुमच्यासमोर बोलायची हिंमत होत नाय. पण आमचा नकार हाय."

"भाऊ, असं काय करता? सगळं ठरल्यासारखंच होतं की."

"पोरीच्या मनात नाय. ती म्हणते, त्या काकांनीच सांगितलं, नसेल पटत तर तोंडावर नाही म्हणायचं. आता मी काय बोलू?"

"एका प्रतीक्षाचंच ना?" मी म्हटलं. "ठीक आहे. तिच्यावर जबरदस्ती नाही. तिनं खुशाल दुसरा बघावा. पण तुमच्या घरात पाच जण आहेत. बाकीच्या चौघांचं काय?"

भाऊंनी वहिनींकडे बघितलं. "चौघांचं काय म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही, वहिनी, तुमच्या भावजया. तुम्ही तरी आमच्याकडे याल की नाही?"

"आमी?" वहिनी म्हणाल्या.

मला वाटलं, यांना अजून थोडं समजावलं तर वळतील. मी खुर्ची ओढून भाऊंच्या अगदी जवळ बसलो. "भाऊ, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. आयुष्यभराचा प्रश्न आहे का हा? पाच वर्षांचाच तर आहे. एकदा संधी देऊन बघा. नाही काम पसंत पडलं, तर पाच वर्षांनी बदलून टाका. पुढच्या खेपेला दुसरा. सगळे तसंच करतात."

भाऊ उठून उभे राहिले.

या गृहस्थांचा मी आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता. चढला नाहीच. उलट इतका खाली गेला, की मला पहिल्यांदा भीती वाटली. "मानेसाहेब," ते म्हणाले, "आमी गरीब असू. पण आमची पोरगी म्हंजे काय भाड्याची खोली हाय? पाच वर्षं ठेवायची आणि बदलायची?"

मला काही कळेना. कसली पोरगी, कसली खोली? वहिनींनी तोंडाला पदर लावला होता, डोळे भरलेले. मी कुणाचातरी भयंकर अपमान केलाय एवढं कळत होतं. कोणाचा आणि कसा, ते कळत नव्हतं.

तेवढ्यात ही पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आली. भाऊंच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, बसा. वहिनी, तुम्हीही बसा. माझ्या नवऱ्याच्या वतीनं मी माफी मागते. हे तुमची मुलगी मागायला आलेच नव्हते. हे मतं मागायला आले होते."

आतून गॅसवर करपणाऱ्या पोळीचा वास आला. उठून गॅस बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

"मतं?" भाऊ म्हणाले.

"ग्रामपंचायतीची," ही म्हणाली. "उभे आहेत ते."

भाऊ हळूहळू खाली बसले. माझ्याकडे बघत राहिले. "कॉलनीतला कोण माने उभा हाय ते ऐकलेलं. तो तुमी?"

मी मान हलवली.

"आणि ते दिवे?"

"रस्त्यावरचे."

"पाणी रोज येईल ते?"

"पाइपलाइन."

"एक रुपया देणार नाय, घेणार नाय?"

"मतांसाठी, भाऊ."

"आणि या बाई चार-पाच घरं बघत होत्या…"

"प्रचाराला गेले होते," ही म्हणाली. "सुनेला बघायला मी यांना एकट्याला पाठवीन का?"

पहिल्यांदा वहिनी हसल्या. पदर तोंडावर तसाच होता, फक्त खांदे हलायला लागले. मग भाऊ. आधी नाकातून आवाज आला, मग त्यांनी मांडीवर थाप मारली, आणि मग त्यांना थांबवता येईना. मी आपला बसून होतो. हसावं की नाही, मला परवानगी आहे की नाही, ते कळत नव्हतं. भाऊंनीच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा माझा श्वास सुटला. तुम्हाला सांगतो, त्या हातापुढं निवडणूक कसली, काहीच नव्हतं. मी एका भल्या माणसाच्या पोरीची अब्रू काढली असं मला घटकाभर वाटलं होतं. तसं झालं नव्हतं. एवढंच पुष्कळ होतं मला.

"तुमाला सांगतो," भाऊ डोळे पुसत म्हणाले, "तीन दिवस झोपलो नाय मी. एवढ्या चांगल्या माणसाला नाही कसं सांगायचं? घरात रोज भांडण. पोरगी म्हणते, मला पुढचा कोर्स करायचा हाय, आताच लग्न नको. मी म्हणतो, असा सासरा परत मिळायचा नाय. शेवटी तिचं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं ऐकलं, तर तिकडं स्थळच नव्हतं."

तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. प्रतीक्षाच होती. तिला घरी धीर निघत नव्हता. वहिनींनी तिला थोडक्यात सांगितलं. मग ती म्हणाली, "म्हणजे त्यांना वाईट नाही ना वाटलं?" वहिनी म्हणाल्या, नाय. तिनं सोडलेला सुस्कारा आम्हाला इकडे ऐकू आला. पोरगी काळजीत होती, एका परक्या माणसाचं मन मोडलं म्हणून.

अक्षय कामावरून आला, तेव्हा आम्ही चौघं करपलेल्या पोळ्या बाजूला ठेवून जेवायला बसलो होतो. त्याला सगळं सांगितलं. तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "म्हणजे मला दाखवलंही आणि नाकारलंही?"

"हो," ही म्हणाली.

"मला कुणी कळवायचं तरी." एवढं बोलून तो हातपाय धुवायला गेला. त्या आठवड्यातलं त्याचं ते सगळ्यात मोठं भाषण.

जाताना भाऊ म्हणाले, "आमाला आता लाज वाटते. पण आधीच सांगतो, मतांचा शब्द देत नाय. ज्याचं त्याचं मन." मी म्हटलं, भाऊ, अजिबात नको. तुम्ही जेवून चाललात हेच खूप झालं.

मग मतदान झालं, निकाल लागला. तिघांत मी तिसरा. निवडून आली कॉलनीतलीच एक तरुण वकीलबाई. तिनं एकही भाषण केलं नव्हतं. घरोघर गेली, लोकांचं ऐकून घेतलं, वहीत टिपून घेतलं आणि नमस्कार करून निघाली. मला आधी वाईट वाटलं. नाही कसं वाटणार? पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची मोटार जळाली, नळ कोरडे पडले, आणि अख्खी कॉलनी बादल्या घेऊन त्या बाईंच्या दारात. मी गॅलरीत उभा राहून बघत होतो. हातात चहा. फोन टेबलावर शांत पडलेला. माझ्या दारात कुणी नाही. मोकळं मोकळं वाटणं म्हणतात ते हेच, असं वाटलं. ही म्हणाली, "काय बघताय एवढं?" मी म्हटलं, "मी नाही आलो निवडून." ती म्हणाली, "माहितेय." मी म्हटलं, "तरी पण."

त्याच संध्याकाळी मी भाऊंकडे गेलो. सहजच. आता कुठलाही शब्द तोंडातून काढायची बंदी नव्हती. ओट्यावर बसलो. वहिनींनी चहा दिला, नव्या कपात. प्रतीक्षानं मला कोर्सची पुस्तकं आणून दाखवली. मग ती आत गेली आणि मी भाऊंना विचारलं, "भाऊ, आता झालं गेलं. खरं सांगा, तुमच्या घरातली किती मतं पडली मला?"

भाऊ जरा अवघडले. "एक. प्रतीक्षाचं. ती म्हणाली, काकांनी माझी बाजू घेतली."

"आणि बाकीची चार?"

भाऊ आतल्या दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "साहेब, ते स्थळाचं चाललेलं ना, तवा घरात सगळी बसलेली. पोरीचं कारण वेगळं. पण बाकीच्या बायका काय म्हणाल्या ते तुमाला त्या दिवशी सांगितलं नाय. म्हणाल्या, पोरगा बरा हाय, घर बरं हाय, न्हाणीघरं दोन हायत. पण सासरा फार बोलतो. पोरीला जन्मभर ऐकत बसावं लागेल."

मी मोठ्यानं हसलो. वाईट वाटलंच नाही. "अहो, ते लग्नाचं झालं," मी म्हटलं. "मी मतांचं विचारतोय. मतं का नाही दिली?"

भाऊंनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, एक घोट घेतला.

"तेच कारण," ते म्हणाले.